पेटीच्या झाकणावरचा उजेड

अनिएल्लोने आयुष्यभर फक्त सावल्या केल्या. सोरेंतोच्या सान चेझारेओ गल्लीत लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची चित्रं करून ती पेट्यांवर बसवणारी बरीच दुकानं होती. त्यांतल्या एकात त्याचा थोरला भाऊ कातेल्लो बारीक करवतीने तुकडे कापायचा, आणि अनिएल्लो एकेक तुकडा चिमट्यात धरून त्याची कड तापलेल्या वाळूच्या कढईत खुपसायचा. दहा मोजले की फिकट सावली, वीस मोजले की गडद. त्यापुढे लाकूड जळतं. भिंत भिंतीसारखी आणि होडी होडीसारखी दिसायची ती त्या भाजलेल्या कडांमुळे. पण कुणी कौतुक केलं की तो म्हणायचा, "काम दादाचं. मी आपला भाजतो." असं अडतीस वर्षं चाललं.

हे चित्र जुळवताना पालथं असतं. वरून दिसते ती पाठ, चांगली बाजू खाली. त्यामुळे डावीकडून येणारा उजेड कारागिराला उजवीकडून धरावा लागतो. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. म्हणून कढई तापली की कातेल्लो दर वेळी ओरडायचा, "उजेड कुठून रे?"

"डावीकडून, म्हणजे उजवीकडून," अनिएल्लो सांगायचा, आणि मग पहिला तुकडा वाळूत जायचा.

फेब्रुवारीत कातेल्लो गेला. करवतीपाशी बसल्या बसल्याच छातीत कळ आली. त्याच्या मुलीचं, रोझारियाचं लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी ठरलेलं होतं. तिला सासरी न्यायच्या पेटीची पुढची बाजू दोघा भावांनी पुरी केली होती. झाकणाचे तुकडे मात्र नुसते कापून तबकात ठेवलेले होते: अक्रोड, ऑलिव्ह, संत्रं अशा लाकडांचे. चित्र मरिना ग्रांदे बंदरावरच्या घरांच्या रांगेचं होतं, आणि पायऱ्यांपाशी पहिलं घर त्यांचं. झाकण दुसऱ्याकडून नव्याने करून घेता आलं असतं. पण मग ती बापाने दिलेली पेटी राहिली नसती.

अंत्यविधीला अनिएल्लो रडला नाही. खांदा दिला, घरी आला, वहिनीने वाढलेलं घेवड्याचं सूप प्यायला. मीठ बरोबर आहे का, असं तिने विचारलं. ते त्याला सांगता येईना.

समोरच्या दुकानातला सबातो दारातून डोकावून म्हणाला, "अरे, तोंडाला पॉलिश चढवलंयस का? जरासुद्धा हलत नाही ते."

"वाळायचंय अजून," अनिएल्लो म्हणाला. सबातो हसला. अनिएल्लो हसला नाही.

चार दिवस त्याने तबकातले तुकडे भाजले. हात सवयीने चालत होते, आकडे मनात आपोआप पुढे सरकत होते. पाचव्या दिवशी सगळं पालथं जुळवलं. तुकडे एकत्र धरणारा कागद डकवायच्या आधी वर फळी ठेवून चित्र उलटून बघतात, तसं त्याने बघितलं. प्रत्येक भिंतीच्या डाव्या अंगाला सावली होती. पेटीच्या पुढच्या बाजूला उजेड डावीकडून येत होता, झाकणावर उजवीकडून. एकच पेटी आणि सूर्य दोन. कढई तापवताना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

भाजलेली कड पुसता येत नाही. तो स्टुलावर बसला. वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं.

सबातो येऊन बघून गेला. "त्यात काय एवढं? पाठ वर करून चिकटव. लाकूड दोन्हीकडून सारखंच. उजेड जुळेल."

"घरं उलटी होतील."

"पण नवऱ्यामुलाची आई दोन्ना लुइझा आपल्या धंद्यातली आहे बाबा. लग्नाआधीच्या गुरुवारी पेटी उघड्यावरून मिरवत त्यांच्या घरी जाणार. ती आधी सावल्या बघेल, मग सून."

संध्याकाळी रोझारिया आली. अनिएल्लोने तिच्यापासून काही लपवलं नाही. चित्र एकदा असं आणि एकदा तसं, दोन्ही बाजूंनी दाखवलं.

"असं लावलं तर पायऱ्यांपाशी आपलं घर. उजेड चुकतो. तसं लावलं तर उजेड बरोबर. पण आपलं घर जातं पार त्या टोकाला."

"मासळीच्या गोदामापाशी?"

"हो."

"बाबांनी कसं लावलं असतं, काका?"

"ही वेळच येऊ दिली नसती त्याने."

"शिव्या घातल्या असत्या तुम्हाला."

"गाढवा म्हणाला असता. दोनदा."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "सासूबाई म्हणतील, सून येताना दोन सूर्य घेऊन आली."

"म्हणतील. वर्षानुवर्षं म्हणतील. तुला ऐकावं लागेल, मला नाही."

"ऐकेन. घर हलवू नका."

त्याने मान डोलावली. कागद डकवला, झाकणाच्या फळीला गरम सरस फासला आणि चित्र त्यावर ठेवलं. तेवढ्यात ती म्हणाली, "काका, तुम्ही एकदाही रडला नाहीत. आई म्हणते, तुम्हाला काही वाटतच नाही. खरं का?"

खिसा चाचपावा तसं त्याने स्वतःत चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

"माहीत नाही, पोरी. सरस निवतोय. ते टोक धर."

तिने दोन्ही हातांनी टोक धरलं. त्याने वर शिकंजा बसवून त्याचे चारही स्क्रू आळीपाळीने आवळले, मग कडेने बाहेर आलेला सरस फडक्याने पुसला.

"उद्या दुपारपर्यंत उघडायचं नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. आता धरायची गरज नव्हती, तरी टोक तिने सोडलं नाही. सोड म्हणावं, असं त्यालाही वाटलं नाही.