थायलंडहून आलेला फोन

मोनालीनं थायलंडचं नाव काढलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "कोन दलाल भेटला तुले?"

"दलाल नाई सर. शाळाच हाय. मीच नेटवरून अर्ज केलता."

"अन् त्यायनं पांढरकवड्याची पोरगी इंग्रजी शिकवाले बोलावली? तिकडं गोरे मास्तर मरून गेले काय?"

ती हसली. मला हसू आलं नाही. मी घनश्याम, तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. शंका घेणं माझ्या रक्तातच आहे, आणि २००८ साली आमच्या भागात शंका न घेणारा माणूस एक तर वेडा होता किंवा बाहेरगावचा.

मोनाली माझी विद्यार्थिनी. वडील देवराव जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे; ती दहावीत असताना गेले. आई कांताबाई अंगणवाडीत मदतनीस. पोरीनं बी.ए. केलं, बी.एड. केलं, पण कायमची नोकरी लागली नाही. का लागली नाही, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शेवटी झरी जामणीकडच्या एका आश्रमशाळेत कंत्राटावर दोन वर्षं काढली.

तिथली पोरं कोलाम आदिवासींची. त्यांना मराठी धड येत नव्हती, हिला कोलामी येत नव्हती. मग ही बाई काय करायची? वर्गात बकरी आणून बांधायची. दार उघडायची, लावायची. तांब्यातलं पाणी भुईवर सांडायची. आणि तोंडानं फक्त इंग्रजी. पोरं महिनाभरात इंग्रजीत पाणी मागायला लागली. मुख्याध्यापक तिला बकरीवाली बाई म्हणायचे. मीही म्हणायचो. व्याकरणाशिवाय भाषा शिकवणं म्हणजे माझ्या दृष्टीनं पोरखेळच.

परदेशात इंग्रजी शिकवायला एक प्रमाणपत्र लागतं म्हणे. ते तिनं बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून चार महिन्यांत मिळवलं. घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर माझा काडीचा विश्वास नव्हता. शाळेचा पत्ता मी तिच्याकडून लिहून घेतला आणि नकाशाच्या पुस्तकात ते गाव शोधलं. सापडलं नाही. "पाह्य, गावच नाई," असं मी विजयानं सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी कॅफेतून त्या गावाच्या रेल्वे स्टेशनचा फोटो छापून आणला. फोटो काय, कोणीही छापतो.

मुलाखत कॅमेऱ्यावर झाली. पोरांना तुमची भाषा अजिबात कळत नसेल तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. हिनं बकरीची हकिगत सांगितली. ते लोक खूश झाले म्हणे. माझा संशय आणखी वाढला. बकरी ऐकून कोण नोकरी देतो?

कांताबाई मात्र निश्चिंत होती. "बुद्धाचा देश हाय सर तो," ती म्हणाली. "तिथं लेकराचं कायले वाईट होईन?"

"बाई, बुद्धाच्या देशात लबाड माणसं नसतात काय?"

"असतीन. इथं कमी हायत काय?"

शेवटी मोनालीनं विचारलं, "सर, ओळखीच्या एका मानसाचा नंबर द्या लागते. ते फोन करून इचारतात. तुमचा देऊ?" तोंडावर नाही कसं म्हणणार? दे म्हणालो.

आता फोनबद्दल आमच्या वस्तीची एक रीत सांगायला हवी. कापूस बुडून शेतकरी आत्महत्या करत होते त्या वाईट वर्षांत दिल्ली-मुंबईचे आणि परदेशातलेसुद्धा वार्ताहर आमच्याकडे येत. मला इंग्रजी येतं म्हणून सगळे माझ्याकडे. एकदा मी एका गोऱ्या वार्ताहराला शेजारच्या गावातल्या एका विधवेच्या घरी नेलं. ती बोलली एक, त्यानं छापलं भलतंच, वर तिचा रडतानाचा फोटो. तिच्या माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि तिनं माझ्याशी. तेव्हापासून मी वस्तीत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: अनोळखी माणूस कोणाची चौकशी करायला लागला, की 'असं कोणी इथं राहत नाही' एवढंच म्हणायचं. लहान पोरंसुद्धा हे वाक्य धडाधड म्हणायची. पोस्टमनलाही एक-दोनदा ते ऐकावं लागलं.

एका दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, इंग्रजी वेगळ्याच वळणाचं. मोनालीला किती वर्षं ओळखता? घरचे लोक कसे आहेत? मुलगी भरवशाची आहे का?

"असं कोणी इथं राहत नाही," मी इंग्रजीत म्हणालो आणि फोन ठेवला.

आठवड्यानं मोनाली छापील कागद घेऊन आली. चेहरा उतरलेला. तुम्ही दिलेल्या माणसानं तुम्हाला ओळखायला नकार दिला, पंधरा दिवसांत दुसरं नाव द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं काहीसं त्यात असल्याचं तिनं सांगितलं. कागद तिनं घडी करून हातातच ठेवला.

"अगं, मले वाटलं कोनी पेपरवाली हाय," मी म्हणालो. "आपली सवय तुले माहीत हाय."

"हो सर," ती म्हणाली. तिनं वाद घातला नाही, रडलीही नाही. चहा घेतला आणि गेली. पुढचा रविवार आला तशी ती नेहमीप्रमाणे पुन्हा आली. आम्ही दर रविवारी तासभर फक्त इंग्रजीत बोलायचो. कित्येक वर्षांचा शिरस्ता होता तो. त्या फोनचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. प्रकरण मिटलं असं समजलो.

मिटलं नव्हतं. तिनं हायवेवरच्या गॅरेजवाल्या मोहिउद्दीनभाईचा नंबर दिला होता. त्याच्या गुलनारला ती आठवीपासून शिकवायची. मला हे त्याच्याच तोंडून कळलं. गाडीखालून बाहेर येत तो म्हणाला, "सर, मैनेबी अंग्रेजी झाडली ना! व्हेरी गुड गर्ल बोला. माय डॉटर पास, बोला. टेन इयर आय नो. आप टेन्शन मत लो, मॅडम, बोला. ते बाई हसून राह्यली होती."

एवढ्या तोडक्यामोडक्या चार वाक्यांवर नोकरी पक्की झाली. माझं तीस वर्षांचं शुद्ध इंग्रजी एकीकडे आणि हे एकीकडे. मला राग आला, मग राग आल्याची लाज वाटली.

ती निघाली त्या सकाळी मी स्टँडवर गेलो. नागपूरची गाडी लागायची होती. कांताबाई चिवड्याचा डबा पिशवीत कोंबत होती. मी मोनालीला बाजूला घेतलं. रात्रभर मनाशी जुळवलेलं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना.

"पोरी, त्या फोनवर... त्या बाईनं पहिले शाळेचं नाव सांगतलं होतं. मी ऐकलं होतं. तुले बोलावनारे खरे हायत, हे मले त्याच वक्ताले समजलं होतं."

तिनं गाडी येते का ते वळून पाहिलं.

"तू गेली की इथं माझ्यासंगं बोलाले कोन राह्यते? सवयीनं नाई, मी जानूनबुजून बोललो."

"मले माहीत हाय सर."

"कसं काय?"

"त्यायनं कागदात सगळं लिहिलं होतं. आमी शाळेचं नाव सांगतलं, तर यायनं दोनदा इचारून पक्कं करून घेतलं, अन् मंग नाई म्हनलं. तुमाले वाचून कायले दाखवू म्हून मी घडी करून ठेवला."

"मंग तेव्हाच काहून नाई बोलली?"

"तुमी सोता सांगसान असं वाटलं. म्हून मी येत राह्यली."

गाडी लागली. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, जयभीम केला आणि खिडकीची जागा धरायला धावली. ती पाच रविवार येऊन माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिला पाचही वेळा थायलंडच्या शाळा कशा फसव्या असतात तेच सांगत होतो.