नऊ गाण्यांचं परीक्षण

माझ्या सासऱ्यांना संपूर्ण पसंत पडेल अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर ते इथल्या, नागपूरच्या एका दैनिकात संगीत परीक्षणं लिहू लागले, आणि वह्या तपासून उरलेली सगळी लाल शाई गायकांच्या वाट्याला आली. माझ्याच लग्नात त्यांनी मंगलाष्टकं मधेच थांबवून भटजींना चाल समजावली होती; मी अंतरपाटाअलीकडे हार धरून ताटकळलो, पण वधूपित्याला घाई नव्हती. प्रताप नगरातल्या त्यांच्या गल्लीत येणाऱ्या भाजीवाल्याची "पालक, मेथी, सांभार" ही आरोळीसुद्धा त्यांनी सुधारून दिली आहे. तो बिचारा आता 'मेथी'वर जरा विसावतो, मग कोथिंबिरीचा 'सांभार' लांबवतो. खप वाढला, असं सासऱ्यांचं म्हणणं. नवी गाणी ऐकायची झाली की माकडटोपीवर हेडफोन चढवून ते गच्चीत येरझाऱ्या घालतात आणि न दिसणाऱ्या वादकांना हाताने दटावतात.

अशा माणसाच्या धाकट्या मुलीनं बँकेची नोकरी सोडून गाणी करायला घेतली. शब्द तिचे, चाल तिची, गिटार आणि गळाही तिचाच. तिच्या आईचं माहेर रामटेकजवळच्या धानाच्या गावातलं. रोवणीच्या वेळी बाया गातात त्या चालींचा धागा धरून तिनं दहा गाण्यांचा अल्बम केला. एकदा ऐकलं की दिवसभर तोंडात राहतील अशी गोड गाणी. नागपुरात कौतुक झालं, पुण्या-मुंबईकडूनही चांगलं लिहून आलं. एकानं 'मातीचा गंध' वगैरे लिहिलं, तर सासरे म्हणाले, हा माणूस कधी धानाच्या बांधीत उतरलेला दिसत नाही, तिथं नुसता चिखलाचा वास येते.

संपादकांनी त्यांच्याकडेच परीक्षण मागितलं. घरचीच पोरगी, म्हणून त्यांनी नकार दिला. पण पोरगीच अडून बसली. म्हणाली, "बाबा, दुसऱ्याचं लिहिता तसंच लिहा. मले सूट नको."

त्यांनी खरोखरच सूट दिली नाही. पहिल्या गाण्यात बासरी उगाच लुडबुडते, तिसऱ्यात शब्द ऑटोत कोंबलेल्या शाळकरी पोरांसारखे बसलेत, सातव्याचं ध्रुवपद चांगलं असलं तरी सहा वेळा सांगण्याइतकं नाही. शेवटी एवढंच की, गायिकेला सूर आहे, बाकीचं येईल. माझ्या बायकोनं पेपर मिटला आणि आठवडाभर वडिलांना फोन केला नाही.

पण खरी गंमत पुढेच होती. परीक्षणात नऊच गाणी होती. पाचव्याचा उल्लेखच नव्हता. पुढच्या रविवारी एका वाचकाचं पत्र छापून आलं, की गणिताच्या मास्तरांना दहापर्यंत मोजता येत नाही. एरवी चुकलेल्या अनुस्वाराचाही खुलासा छापून आणणारे सासरे या वेळी गप्प बसले. त्यांचं वय झालं की काय, या विचारानं मला काळजी वाटू लागली.

शेवटी धाकटी घरी आली. आम्हीही होतो. टीकेचं तिला काही वाटलं नव्हतं, बासरीचं तर पटलंच होतं. तिनं सरळ विचारलं, "पाचवं काहून सोडलं?"

पाचवं गाणं तेवढं तिचं नव्हतं, तिच्या आईचं होतं. तांदूळ निवडताना सासूबाई ते गुणगुणायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दुसऱ्या कडव्यापर्यंत जातो अन् बंद करतो. अर्धं ऐकून कोणी लिहीत नाही वं."

तिनं गिटार घेतली नाही. तिथंच दिवाणावर बसून गाऊ लागली. सासरे डोळे मिटून ऐकत होते. दुसरं कडवं आलं आणि त्यांनी हात वर केला. मला वाटलं, आता यांना सहन होत नाही.

"इथं चुकलं," ते म्हणाले. "तुही आई इथं वर नव्हती जात. खाली यायची. अशी."

आणि त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. बावीस वर्षांच्या जावईपणात मी त्यांना गाताना पहिल्यांदाच ऐकत होतो. धाकटी म्हणाली, "पुन्हा म्हणा, बाबा."

त्यांनी पुन्हा म्हटली. या खेपेस सूर चांगलाच हलला. कोणी दुरुस्त केला नाही.