डेनिमच्या सीटांची जर्मन गाडी

आमच्या घरातली सगळ्यात ऐटबाज वस्तू घरात मावत नाही. बुवापाड्यात आमच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथे ती उभी असते. काळी, लांबलचक, वीस वर्षांहून जुनी जर्मन गाडी. मी मुलांच्या शाळेची व्हॅन चालवते, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की ही पण माझीच. माझी नाही. ती माझ्या नणंदेची, शालन भालेराव यांची. माझा नवरा राजरत्न त्यांना अक्का म्हणतो, म्हणून मीही अक्काच म्हणते.

अक्का आता चौपन्न वर्षांच्या आहेत. तीन वर्षांच्या असताना पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतली ताकद गेली. पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर आणि काखेत दोन कुबड्या, असंच त्यांचं चालणं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दारापाशी बसून जीन्स शिवत होत्या. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून कापलेल्या पँटींचे गठ्ठे यायचे, शिवून परत जायचे. शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल त्यांनी उचलून टेबलावर ठेवलं होतं आणि उजव्या कोपराने दाबायच्या. राजरत्न नऊ वर्षांचा असताना त्यांची आई गेली. वडील काडेपेटीच्या कारखान्यात पाळ्या करायचे. धाकट्या भावाला न्हाऊमाखू घालणं, त्याचा अभ्यास घेणं, पुढे आयटीआयला घालणं, सगळं अक्कांनी त्या मशीनवर बसल्या बसल्या केलं. राजरत्न आज एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये लेथवर काम करतो. हे सगळं तो कुणालाही, न विचारता सांगतो.

गाडी आली ती मात्र निव्वळ त्याच्या हौसेपायी. उल्हासनगरला फर्निचर बाजारात कमलेशशेठ म्हणून एक सिंधी व्यापारी आहेत. त्यांचं लाकूड कापायचं मशीन राजरत्नने दुरुस्त करून दिलं होतं. गोडाऊनमध्ये मागच्या बाजूला प्लायवूडच्या थप्प्यांआड ही गाडी चार वर्षं धूळ खात पडली होती. राजरत्न तिच्याभोवती घुटमळायला लागला तेव्हा शेठ म्हणाले, "ले जाओ भाऊ, माझी जागा खाली होईल. पण पप्पांची गाडी आहे. भंगारात देऊ नका, एवढंच."

टेम्पोला दोर बांधून गाडी बुवापाड्यात आली. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, सीटचं लेदर करपलेल्या पापडासारखं फुटलेलं, चारही टायर बसलेले. मी दोन दिवस राजरत्नशी बोलले नाही. अक्का म्हणाल्या, "असू दे गं. दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. गाडी खोलतो तर खोलू दे."

एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी सकाळी राजरत्न शेडमध्ये जायचा. त्याच्या डोक्यात काय काय होतं: मोठी चकचकीत मॅगव्हीलची चाकं लावायची, गाडी जमिनीलगत खाली बसवायची, घुमणारा सायलेन्सर टाकायचा. त्याआधी इंजिन चालू व्हायला हवं होतं, आणि त्यातच दीड वर्ष गेलं. वायरिंग नवीन टाकलं, पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, पंप बदलला. ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी अख्खी गल्ली बघायला आली होती.

या सगळ्यात एक गोष्ट हळूच झाली. अक्का शुक्रवारी शेडमध्ये बसायला लागल्या. गाडीची डावीकडची सीट बटण दाबलं की मागे सरायची, वर-खाली व्हायची, तिची पाठ मागे कलायची. त्यांच्या पाठीला असं आसन कधी मिळालंच नव्हतं. तो बॉनेटमध्ये डोकं घालून असायचा आणि अक्का सीटवर बसून शिवलेल्या पँटींचे सुटे धागे कापायच्या. दोघांत फारसं बोलणंही व्हायचं नाही.

मग तो ब्रेकचा शुक्रवार आला. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्यासाठी एकाने गाडीखाली जाऊन नट सैल करायचा आणि दुसऱ्याने वर बसून पायडल दाबायचं. एरवी मी दाबायचे, पण त्या दिवशी मला व्हॅन घेऊन बदलापूरला जावं लागलं. राजरत्न गाडीखालून म्हणाला, "अक्का, ड्रायव्हरच्या सीटवर सरक आणि ब्रेक दाब."

अक्का सरकल्या. गिअरच्या दांड्यावरून अंग ओढत पलीकडे गेल्या, एक कुबडी आत घेतली आणि तिच्या टोकाने पायडल दाबलं. तो खालून म्हणायचा, "दाब. धरून ठेव. सोड." चारही चाकं होईपर्यंत चाळीस मिनिटं हे चाललं. काम झाल्यावर तो बाहेर आला, फडक्याला हात पुसत दारापाशी गेला, आणि त्याला अक्कांच्या हातातली कुबडी दिसली.

मी दुपारी परत येऊन शेडमध्ये गेले. राजरत्न खाली बसून जमिनीवर खडूने काहीतरी काढत होता. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "सायलेन्सर राहू दे. आधी हिच्या हाताला ब्रेक देतो."

गाडी ऑटोमॅटिक होती, क्लच नव्हता. ब्रेक आणि रेस, ही दोनच कामं पायाची. ती दोन्ही एका दांड्यावर आणायची, असं त्याने ठरवलं. दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागेल, आपल्याकडे ओढला की रेस मिळेल. पहिला दांडा मोटरसायकलच्या हँडलचा केला. तो अक्कांच्या गुडघ्यावर आपटायचा. दुसऱ्याला इतका ढिलेपणा होता की गाडी शेडमध्येच गचके खायला लागली. तिसरा त्याने कंपनीच्या मालकांची परवानगी घेऊन ड्यूटी संपल्यावर लेथवर केला, स्टीलचा, प्रत्येक सांध्याला लॉकपिन असलेला. स्टेअरिंगवर एका हाताने फिरवायला गोल मूठ बसवली. कुबड्या सोडून सीटवर सरकता यावं म्हणून दाराजवळ दुमडणारी फळी लावली. प्रत्येक वेळी अक्का बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून दोन बोटं अलीकडे घे." तो परत खोलायचा.

सीटांचं काम अक्कांनी स्वतःकडे घेतलं. कॅम्प पाचच्या ज्या कारखान्याचं काम त्या करायच्या तिथून रंगात फरक पडलेला डेनिमचा एक तागा मिळाला. जुनं लेदर उसवून त्याचे तुकडे त्यांनी कापडावर मांडले, आखले, कापले आणि नारिंगी दोऱ्याची दुहेरी शिलाई मारली. ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला पँटीला असतो तसा खिसा आहे. चष्मा आणि मोबाईल ठेवायला. पाचही सीट झाल्यावर राजरत्न बराच वेळ आत बसून राहिला. मॅगव्हीलचं नाव त्याने नंतर काढलं नाही.

असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आरटीओची मंजुरी हवी. आम्ही गाडी तपासणीला नेली, राजरत्नच चालवत होता. तिथले इन्स्पेक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी दांडा हलवून बघितला, वाकून पिनी बघितल्या, मग अक्कांना सीटवर बसायला सांगितलं.

"मॅडम, डावा हात कुठे?"

"दांड्यावर."

"उजवा?"

"स्टेअरिंगवर."

"समोर म्हैस आली तर हॉर्न कशाने वाजवणार?"

अक्कांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. राजरत्नने मान खाली घातली. साहेबांनी कागदावर लिहून दिलं की हॉर्न आणि इंडिकेटर हात न सोडता लागले पाहिजेत, आणि म्हणाले, "बाकी काम चांगलं आहे. एवढं करून या."

परत येताना राजरत्न रागावलेला होता. अक्का म्हणाल्या, "त्या माणसाने मला रस्त्यावर डोळ्यासमोर आणून बघितलं, म्हणून त्याला म्हैस दिसली. आपल्याला नव्हती दिसली." महिनाभराने हॉर्न अंगठ्याखाली आणि इंडिकेटर तर्जनीखाली आले. कागद मंजूर झाले. मग अक्कांनी शिकाऊ लायसन्स काढलं.

शिकवायला पहिल्या दिवशी राजरत्न शेजारी बसला. दर दहा पावलांवर तो स्वतःचा पाय गाडीच्या तळाशी दाबायचा आणि स्टेअरिंगला हात घालायचा. अक्कांनी गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "राजा, तू उतर. मनालीला बस म्हणावं." मनाली म्हणजे मी. तेव्हापासून शुक्रवारी सकाळी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही दोघीच असायचो. नंतर जांभूळकडे जायला लागलो. तिथे पाणी शुद्ध करायच्या केंद्राजवळ रस्ता सरळ आहे आणि गर्दी कमी.

तिथेच एकदा झाडाखाली गाडी लावून आम्ही चहा पीत होतो. मी म्हटलं, "अक्का, राजरत्नने तुमच्यासाठी बरंच केलं."

"केलं ना," त्या म्हणाल्या. "पण मला दांड्याचं एवढं नाही वाटत. त्या दिवशी गाडीखालून म्हणाला, ब्रेक दाब. कसा दाबणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मला पाय नाहीत हे तो विसरला होता, मनाली. जगात सगळ्यांच्या ते लक्षात असतं. देवळात, दवाखान्यात, लग्नात, मी दिसले की आधी खुर्ची धावत येते. त्यांची माया असते, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी मला कुणीतरी साधं काम सांगितलं. मला इतकं बरं वाटलं होतं की चाळीस मिनिटं हात दुखला तरी मी बोलले नाही."

हे मी घरी येऊन राजरत्नला सांगितलं. तो म्हणाला, "मी विसरलो होतो त्याची मला लाज वाटत होती." मग उठून उगाचच शेडमध्ये गेला.

अक्का परीक्षेत पहिल्याच खेपेला पास झाल्या. मला वाटलं होतं, आता म्हणतील समुद्र दाखव, डोंगर दाखव. त्या म्हणाल्या, "मला लोकांकडे जायचंय." मला कळलं नाही. त्यांनी समजावलं, "आजपर्यंत सगळे माझ्याकडे आले. मी आपली दारात बसलेली. कुणाच्या घरी आपणहून गेलेय, असं मला आठवत नाही."

पहिल्यांदा आम्ही कमलेशशेठकडे गेलो. दुकानासमोर गाडी लावली आणि अक्कांनी अंगठ्याने हॉर्न वाजवला. शेठ बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, नंबरप्लेट वाचली आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग दार उघडून डावीकडे बसले. डेनिमवरून हात फिरवत म्हणाले, "पप्पा यहीं बैठते थे, मी चालवायचो. गेले त्यानंतर मला हिला हात लावावासा नाही वाटला." अक्कांनी त्यांना कॅम्पमधून एक चक्कर मारून आणली. उतरताना ते म्हणाले, "बहनजी, अधूनमधून इकडून नेत जा." आता कॅम्प पाचला कापड आणायला गेलं की अक्का त्या दुकानावरून जातातच.

त्यानंतर बदलापूर. शलाका म्हणून अक्कांची शाळेतली मैत्रीण कात्रपला राहते. पहिली ते चौथी, चार वर्षं शलाकाने त्यांना पाठुंगळीला घेऊन शाळेत नेलं होतं. तेव्हा कुबड्याही मिळाल्या नव्हत्या. स्वतःचं दप्तर पोटाशी, अक्का पाठीवर. दोघी एकाच वयाच्या. शलाकाताई लग्नानंतरही दिवाळीला, भीमजयंतीला न चुकता येत राहिल्या, पण अक्कांनी त्यांचं घर कधी पाहिलं नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही.

त्या दिवशी मी मागे बसले होते. रेल्वेच्या पुलाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, मागच्याने हॉर्न लावला. अक्कांनी दांडा पुढे दाबून घट्ट धरला, गाडी एक इंचही मागे गेली नाही. कात्रपला इमारतीखाली त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला.

"शलाका, खाली ये."

"खाली कशाला? कोण आलंय?"

"मीच आलेय. तुझा जिना मला जमायचा नाही, म्हणून तू खाली ये."

शलाकाताई चपला न घालताच आल्या. गाडीकडे, आत बसलेल्या अक्कांकडे, दांड्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. अक्कांनी बटण दाबून शेजारची सीट मागे सरकवली.

"बस ना. उभी काय राहिलीस?"

"थांब, तुझ्यासाठी काहीतरी आणते," म्हणून त्या परत वर गेल्या आणि पोह्यांच्या तीन बशा नि थर्मासभर चहा घेऊन उतरल्या. गाडीत एसी लावून आम्ही पोहे खाल्ले. शलाकाताईंनी सीटचा खिसा चाचपला, शिलाई उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "तुला आठवतं का, मी दमले की तू माझ्या कानात पाढे म्हणायचीस. म्हणायचीस, एकोणतीसचा होईपर्यंत चाल, मग बसू."

"आणि तू बसायची नाहीस."

"कशी बसणार? परत उठताना जास्त जड लागायचीस."

दोघी हसल्या, आणि हसता हसता शलाकाताईंनी पदर डोळ्यांना लावला. अक्कांनी दांड्यावरचा हात काढून त्यांच्या हातावर ठेवला. "तुझे आभार मानायचे राहिले होते गं," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडे आलीस की ते बोलता यायचं नाही. त्यासाठी मीच यायला हवं होतं."

मी बशा गोळा केल्या आणि भाजी घ्यायच्या निमित्ताने उतरले. अर्ध्या तासाने मेथीची जुडी आणि वांगी घेऊन परत आले. काचा बंद होत्या, आतून आवाज येत नव्हता, पण शलाकाताई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि अक्का मान मागे टाकून हसत होत्या. मला शाळेच्या व्हॅनची फेरी करायची होती, उशीर होत होता. मी राजरत्नला फोन करून सांगितलं की दुसऱ्या ड्रायव्हरला विचार, मला वेळ लागेल, आणि कोथिंबीर राहिली म्हणून पुन्हा भाजीवाल्याकडे वळले.