यादीत नसलेला माणूस

ती घटना आजही आठवते, ती एका कोऱ्या कागदामुळे. “तुझा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?” असे विचारून मी तो कागद तक्रारदार मुलीपुढे ठेवला. तिने त्यावर एकच नाव लिहिले, तिच्या जिवलग मैत्रिणीचे.

सेवेतून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली असली, तरी त्या प्रकरणाचा क्रम मला पाठ आहे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी फौजदार झाले होते आणि बसवकल्याणला नुकतीच रुजू झाले होते. गावात इंटरनेट कॅफे नवे होते. सोशल नेटवर्किंगवर खाते असणे ही कॉलेजच्या मुलांत प्रतिष्ठेची गोष्ट होती. या मुलीचा साखरपुडा झालेला होता. तिच्या खात्यावरून वर्गातल्या दोन मुलांना संदेश गेले: ‘मला हे लग्न नको. तुझं काय म्हणणं?’ त्यांतल्या एकाने संदेशांची छापील प्रत काढून फिरवली. ती सासरी पोचली आणि लग्नाची तारीख पुढे ढकलली गेली.

मुलीसोबत वडील आणि थोरला भाऊ आले होते. भाऊच जास्त बोलत होता. “मॅडम, त्या मैत्रिणीलाच उचला. हिचं जमलं, तिचं न्हाई. जळायलीय ती.”

मैत्रीण मुडबीची, रोज बसने कॉलेजला येणारी. मी तिला चौकशीला बोलावले.

“मी कामून लिहू मॅडम? साखरपुड्याची साडी मीच पसंत केली तिला.”

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, “आणखी दोन दिवस बसवा. आपोआप बोलंल.”

चार दिवसांनी मी तिला पुन्हा बोलावले. ही माझी चूक होती. या वेळी तिची आई सोबत आली. “अक्का, चार दिस झालं पोरगी जेवंना. वर्गात हिच्या बाजूला कुणी बसंना. परीक्षेला जात न्हाई म्हणायलीय.” प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर होती. मैत्रीण मान खाली घालून स्वतःची नखे सोलत होती. हातात पुरावा काहीच नव्हता, होते ते एका कागदावरचे एक नाव. प्रयोगशाळेत एवढ्यावर मी निष्कर्ष लिहिला नसता. ठाण्यात मात्र लिहायला निघाले होते.

मी तिला घरी पाठवले. तक्रारदार मुलीसमक्ष खाते उघडून प्रत्येक संदेशाची वेळ टिपली. सगळे संदेश गुरुवारचे होते, दुपारी एक ते दोनच्या दरम्यानचे. तो तक्ता घेऊन मी कॅफेवाल्याकडे गेले.

“गुरुवारी दुपारी? तवा करंट कुठं असतंय मॅडम! शटर अर्धं ओढून मी भाकरी खायलेला असतोय.”

“जनरेटर?”

“जनरेटर असतं तर ह्या खुर्च्या अशा मोडक्या असत्या का?”

वीज कार्यालयातील भारनियमनाच्या वेळापत्रकाने त्याच्या बोलण्याला दुजोरा दिला. कॉलेजच्या हजेरीपटानुसार त्या वेळी मैत्रीण प्रयोगशाळेत होती. म्हणजे संदेश गावाबाहेरून गेले होते. दर गुरुवारी गावाबाहेर कोण जाते, याचे उत्तर आमच्याच फाइलमध्ये होते. भावाने जबाबात लिहून दिले होते: ‘मी दर गुरुवारी दुकानाचा माल आणण्यास उमरग्यास जातो, घरातील गोष्टी मला ठाऊक नसतात.’

मी तक्रारदार मुलीला विचारले, “खाते पहिल्यांदा उघडले त्या दिवशी सोबत कोण होते?”

“अण्णा होता की. एकटीला कॅफेत कोण सोडतंय?”

त्या काळी कॅफेवालाच खाते उघडून देई, पासवर्ड मोठ्याने विचारी आणि स्वतः टाइप करी. भाऊ खुर्चीमागे उभा होता.

“मग त्याचे नाव कागदावर का नाही?”

तिला प्रश्नच कळला नाही. “अण्णाला कामून मोजू मॅडम?”

उमरग्याच्या पोलिसांना पत्र देऊन आम्ही तिथल्या कॅफेची नोंदवही तपासली. त्या प्रत्येक गुरुवारी, त्याच वेळी भावाची सही होती. नोंदवही आणि माझा तक्ता मी त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

“नजर ठिवायलो होतो मॅडम. लग्न जमलेली पोरगी हाय. आत काय सापडलं न्हाई.”

“मग मुलांना संदेश कशाला?”

“काय उत्तर देतेत ते बघायचं होतं. आधीचं काही असलं तर कळलं असतं.”

“आणि मैत्रिणीचे नाव?”

“छापलेला कागद गावभर फिरला, तवा भ्यालो.”

बहिणीशी त्याचे वैर नव्हते. संशय फिटावा म्हणून त्याने शोध घेतला. काहीच सापडले नाही, तेव्हा संशयाला पुरावा त्याने स्वतःच तयार केला. त्याच्यावर रीतसर कारवाई झाली. सासरच्या वडीलधाऱ्यांना ठाण्यात बोलावून मी खरा प्रकार त्यांच्यापुढे मांडला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी साध्या वेषात तक्रारदार मुलीला घेऊन मुडबीला गेले. मैत्रिणीची आणि तिच्या आईची मी आधी स्वतः माफी मागितली. मग मुलगी रडत म्हणाली, “चुकले गं. पासवर्ड बदललाय. नवा फक्त तुलाच सांगते.”

“नको बाई! एकदा सांगितलीस तर ठाण्यात बसले. उद्या ये आन् सगळ्यांसमोर माझ्या बाजूला बस. तेवढं कर.”

दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी दोघी वर्गात एकाच बाकावर बसल्या. मैत्रिणीने परीक्षा दिली.

त्यानंतरच्या प्रत्येक चौकशीत मी दोन कोरे कागद ठेवत असे. पहिल्यावर लिहून घेई: कोणाला माहीत आहे? दुसऱ्यावर: त्या वेळी खोलीत कोण होते? त्या दोन याद्या क्वचितच जुळल्या.