टकटकरावांनी पारखलेली गाडी

फरशीच्या दुकानात उभी हयात घातलेल्या माणसाला एक खोड लागतेच. बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघायची. खणखणीत बोलली तर चांगली, बद्द वाजली तर आत तडा. या गृहस्थांनी ही विद्या फरशीपुरती ठेवली नाही. ते कपाटं वाजवत, भाड्याच्या घरांच्या भिंती वाजवत. एकदा शेजारी सांत्वनाला गेले आणि जाताजाता त्याचं नवं टेबल वाजवून "आत नुसता भुसा आहे" असं सांगून आले. नातेवाइकांनी त्यांचं नाव टकटकराव ठेवलं. त्यांना ते आवडलं, यातच त्यांचा स्वभाव आला.

नात्यात कुणालाही जुनी वस्तू घ्यायची असली की टकटकरावांना पुढे घालून न्यायचं, असा शिरस्ताच पडला होता. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं ते म्हणत, आणि लगेच धाकट्या भावाची गोष्ट काढत. धाकट्याने एकदा दादाला न विचारता जुना फ्रिज घेतला होता. घरी आणून मागून बघितलं तर खालचं यंत्रच गायब. नुसतं दाराचं कपाट! चार माणसं जमली की ही गोष्ट व्हायचीच. धाकटा मान खाली घालून सगळ्यांबरोबर हसायचा. एकदा त्याच्या लहान मुलीने सर्वांसमोर विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच इतके वेडे होतात?" त्या दिवशी टकटकरावांच्या डोळ्यांत हसूनहसून पाणी आलं. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

तर या टकटकरावांनी स्वतःसाठी जुनी गाडी घेतली. दारं वाजवली, बॉनेट वाजवलं, छपरावर तर तबला धरल्यासारखी बोटं चालवली. विकणारा बेरकी. "तुमच्यासारख्या जाणकारापुढे आम्ही काय बोलणार?" म्हणत त्याने स्टिअरिंग आपल्याच हातात ठेवलं आणि यांना शेजारी बसवून फिरवून आणलं. हे वाटभर समोरचा डॅशबोर्ड वाजवत बसले. गाडी हातात घेऊन चालवून बघायची असते, हे त्यांना सुचलंच नाही. पत्रा खणखणीत होता ना!

दुसऱ्या दिवशी गाडी डावीकडे ओढायला लागली. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावं लागे. जरा हात सैल सोडला की गाडी गटाराची वाट धरी. "रस्त्याला उतार आहे," त्यांनी बायकोला सांगितलं. मग दुसऱ्या रस्त्याने नेली, तिसऱ्या रस्त्याने नेली. एकाएकी गावातले सगळेच रस्ते डावीकडे कलले होते. चाकांतली हवा सारखी करून घेतली, फरक नाही. पुढची दोन चाकं आपसात बदलली. दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडे गेली असती, पण ती होती तिथेच राहिली. शिवाय वळण घेताना पायाखाली 'कट्' असा आवाज यायला लागला. तो मात्र बद्द होता.

शेवटी ते लांबच्या, अनोळखी गॅरेजमध्ये गेले. ओळखीच्याकडे जायची छाती नव्हती. तिथला मेकॅनिक तोंडाचा फाटका. त्याने गाडी वर उचलली, खाली बॅटरी मारली आणि हसायलाच लागला.

"ही कुठेतरी जबरदस्त आदळलीय. स्टिअरिंगचा सांगाडा ज्या लोखंडावर बसतो, ते वाकून तुटलंय. वेल्डिंगचे दोन डाग मारलेत आणि वर काळा रंग फासलाय. हा डाग बघा, सुटायलाच आलाय."

"दुरुस्त होईल ना?"

"भंगारात घाला. हे सुटलं की तुम्ही स्टिअरिंग फिरवत बसाल आणि गाडी तिला हवं तिकडे जाईल. कुणी बघून घेतली हो ही? आंधळ्याने?"

टकटकरावांच्या तोंडून निघून गेलं, "धाकट्या भावाने. जरा भोळा आहे तो."

मेकॅनिक पुन्हा हसला, आणि सवयीने टकटकरावही हसले. घरी येईपर्यंत त्या थापेने त्यांच्या डोक्यात बिऱ्हाड केलं होतं. गाडी भंगारात घातली तर नातेवाईक विचारणार. फ्रिजची गोष्ट संपणार आणि गाडीची सुरू होणार. या एका विचाराने माणूस किती खाली जाईल, हे मला सांगतानाही किळस येते.

रविवारी त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि किल्ली धाकट्याच्या हातावर ठेवली. "दोन पोरी घेऊन स्कूटरवर किती दिवस लोंबकळणार? ही घे. मोठ्या भावाकडून."

धाकट्याने किल्ली परत पुढे केली. "दादा, अरे, एवढं कशाला..."

"घे म्हणतो ना! मी पारखलेली गाडी आहे. तुझा फ्रिज नव्हे."

सगळे हसले. मुलींनी लगेच मागची सीट पटकावली. धाकटा बायकोला शेजारी घेऊन एक फेरी मारून आला. ती उतरली ती कपाळाला आठी घालूनच. "भाऊजी, गाडी एका बाजूला जाते का हो? आणि वळताना आवाजही येतो."

"हिला आता गाड्याही कळायला लागल्या!" टकटकराव म्हणाले. पुन्हा हशा पिकला. सगळ्यांबरोबर तिचा नवराही हसला.

त्यानंतर आठवडाभर जो तो टकटकरावांच्या मोठ्या मनाचं कौतुक करत होता. ते ऐकून घेत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते गोड लागत होतं.

मग एके दुपारी धाकटा दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "दादा, रागावू नकोस. तुला कुणीतरी फसवलंय रे. गाडी डावीकडे ओढते. मला पहिल्याच फेरीत कळलं होतं."

टकटकरावांनी हातातली फरशी खाली ठेवली. "मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर? तुझं किती नाव आहे. लोक हसले की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे ना. गॅरेजातही नेली नाही. आपल्याच ओळखीचे सगळे, लगेच बोभाटा व्हायचा. घट्ट धरून चालवतो मी. जन्मात कुणाला कळणार नाही, तू निर्धास्त राहा."

दुकानात दोघंच होते. 'भंगारात घाला' हे मेकॅनिकचं वाक्य टकटकरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते सांगायचं, तर गॅरेजला कधी गेलो होतो तेही सांगावं लागणार होतं. बाहेर गाडीत मुली हॉर्न वाजवत होत्या.

"सवय झाली की काही कळत नाही," टकटकराव म्हणाले.

"तेच म्हणतो मी," धाकटा म्हणाला, आणि मुलींना शाळेच्या सहलीला सोडायला घाटाकडे निघून गेला.