वाढीव तार

आमचे साहेब वायरिंगच्या जुन्या पेटीसमोर उभं राहून एक तार ओढतायत. कागद कारखान्यातल्या मशीनच्या सगळ्या तारा याच पेटीत येऊन जोडल्या जातात. आज तिच्यात टर्मिनलची नवी पट्टी बसवली, ती जुन्या पट्टीपेक्षा चार बोटं खाली आली. संध्याकाळी मालकांसमोर मशीन चालवून दाखवायचंय, आणि तार काही पोहोचत नाहीये. मी मागे हात बांधून मजेत बघतोय.

आमचे रिटायर झालेले वायरमन दत्तूकाका प्रत्येक तारेला वीतभर वेटोळं जास्त ठेवायचे. म्हणायचे, "उद्या कोण काम करेल काय माहीत, त्याला सोपं जावं." न पाहिलेल्या माणसाची एवढी काळजी आमच्या नात्यागोत्यातही कुणी करत नाही.

काका रिटायर झाले त्याच आठवड्यात साहेब नाकातून म्हणाले, "काय हा गुंता! छाट सगळं. हेड ऑफिसला फोटो पाठवायचाय." मी समजवायला गेलो, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू जेवणाच्या सुट्टीत नकला करतोस, तेवढ्याच कर रे, अक्कल नको चालवू."

मग मी छाटलं. एकही वेटोळं ठेवलं नाही. सांगितलेलं तंतोतंत करण्यात किती सूड मावतो, हे तेव्हा कळलं.

"अरे, पोहोचत कशी नाही?" साहेबांनी तार पुन्हा ओढली.

"फोटोत मात्र पेटी फक्कड आली होती, साहेब," मी त्यांच्याच नाकातून म्हणालो.

साहेबांचे कान लाल झाले. "तुकडे लावून जोड दे सगळ्या तारांना," म्हणून ते केबिनमध्ये निघून गेले.

शहाऐंशी तारा आहेत. मी पहिली सोलायला घेतलीय, बोटं आत्ताच दुखतायत, पण हसू काही थांबत नाहीये.