बसमधली शेजारची सीट

आई चौक गावच्या ढाब्यावर भांडी घासायची. गिऱ्हाईक घटलं की मालक तिला घरी बसवायचा. मग आम्ही दोघी बहिणी शाळेच्या खिचडीवर दिवस काढायचो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. मानसशास्त्रात एम.ए. केलं, हे मी अभिमानाने सांगते. आता कर्जतला समुपदेशन करते. "नुसतं ऐकायचे पैसे देतात?" आई अजून विचारते.

संदेश माझ्याकडे आला तेव्हा खालापूरकडच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होता. नाव अर्थात बदललंय. साखरपुडा झालेला, लग्नाला दोन महिने.

"मॅडम, पोरगी चांगली हाय. मला तीच पायजे. पण कंपनीच्या बसमध्ये पॅकिंगचीच एक जणी शेजारी असते. बोलता बोलता माझा भिवपुरीचा थांबा कधी येतो कळत नाय."

"काही घडलंय?"

"नाय. पण ती म्हणते, एका रविवारी बाहेर जाऊ. आणि मी नाय म्हणालो नाय."

मी पुस्तकी सल्ला दिला. होणाऱ्या बायकोचा फोटो मोबाइलवर लावा, मोह झाला की बघा.

पुढच्या आठवड्यात विचारलं, "लावला फोटो?"

"लावला ना. बसमध्ये फोन उलटा ठेवतो."

मला हसू आलं. पण कुतूहलही वाटलं. स्वतःहून मदत मागायला आलेला माणूस फोन उलटा का ठेवतो?

"बसमध्ये सीटा किती?"

"बत्तीस."

"माणसं?"

"वीस-बावीस."

"मग दुसरीकडे का बसत नाही?"

तो ताठ झाला. "मुद्दाम तितंच बसतो. रोज शेजारी बसून बी काय केलं नाय, तर लग्नानंतर पक्का राहीन ना! प्रॅक्टिस हाय ही."

मोह जागा करणाऱ्या गोष्टीला आम्ही ट्रिगर म्हणतो. एखादी जागा, वेळ, वाससुद्धा. हा गडी रोज तासभर ट्रिगरला खेटून बसत होता आणि त्याला तालीम म्हणत होता!

"तुमचं लग्न ठरलंय हे तिला माहीत आहे?"

"पॅकिंगला अंगठी घालू देत नायत. घरीच ठेवतो."

"मी अंगठीचं विचारलं नाही."

तो पंख्याकडे बघत म्हणाला, "नाय. कंपनीत कोणालाच नाय. सांगितलं तर बोलायची बंद होईल ती."

म्हणजे दार त्यानेच उघडं ठेवलं होतं. मनातल्या मनात केलेला निश्चय हलका असतो. चार लोकांना कळला की त्याला वजन येतं.

या वेळी फोटोबिटो काही सांगितलं नाही. "पत्रिका छापून आल्या का?" एवढंच विचारलं.

पहिली पत्रिका त्याने बसमध्ये तिच्याच हातात दिली. तिने ती पूर्ण वाचली.

"आदी सांगायचं ना रं! रविवारी मी तुला आईला दाखवायला नेणार होते."

हे त्याने मला येऊन सांगितलं. तिचा विचार त्याने केला नव्हता. खरं सांगायचं तर मीही नव्हता केला. मी तिला नुसता ट्रिगर समजत होते.

दुसऱ्या दिवसापासून ती पुढे ड्रायव्हरमागे बसू लागली. "बस लय लांबची वाटते आता," संदेश म्हणाला.

होणाऱ्या बायकोला त्याने सगळं स्वतः सांगितलं. ती आठ दिवस बोलली नाही, मग बोलली. लग्न ठरल्या दिवशी झालं. पॅकिंगची सगळी मंडळी आली, बसमधली ती तेवढी आली नाही.

मन किती घट्ट आहे, हे मी आता कोणाला आधी विचारत नाही. रोज कुठे बसता आणि शेजारच्याला काय सांगितलेलं नाही, ते विचारते.